हेल्मेटची खंडेनवमी

आधी चहा घेऊन टाका बरं सगळे. कप खाली ठेवल्याशिवाय मी सांगणार न्हाई. मधीच हसू आलं, ठसका लागला, तर म्हणाल, ह्या गजाननानं आमचा बी अपघात केला! अपघाताच्या बाबतीत माझं नाव आधीच लई लांब गेलेलं हाय, अजून भर नको.

घेतला? तर ऐका. मी जी माती खाल्ली, ती कुणी खाल्ली नसंल.

आमची फॅक्टरी हट्टा गावाच्या अलीकडं, रोडला लागूनच. हळदीची. शेतकऱ्याची हळकुंडं येतेत, ड्रममधी पॉलिश होतेत, चक्कीत दळतेत अन् पाकिटात भरून बाहेर पडतेत. दिवसभर हवेत हळदीची भुकटी उडून राहिलेली असते. मी संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच म्हणते, "आले का नवरदेव! रोज उठून कुणाची हळद लावून येता हो?"

पहिले मी तिथं पोत्यांच्या काट्यावर होतो. एक दिवस मालकानं केबिनमधी बोलावलं. मालक म्हणजे तसा देवमाणूस, फक्त आवाज पॉलिशच्या ड्रमसारखा.

"गजानन, बाहेरच्या राज्यातली मोठी पार्टी आपला माल घेणार हाय. पण त्या लोकायला फॅक्टरी सेफ पाहिजे म्हणते. दसऱ्यानंतर त्यायचा साहेब तपासणीला येणार. एक सेफ्टीचा माणूस ठेवावा लागतो. तू बारावी सायन्स हाय न?"

"व्हय मालक. पण नापास."

"सायन्स तर हाय न!"

झालो मी सेफ्टी सुपरवायझर.

मालकानं सरळच सांगितलं, तपासणीत पास झालो तर तुला पर्मनंट करतो. न्हाई झालो तर तुझा रस्ता तुला मोकळा. आता हा मोकळा रस्ता कुठं जातो ते मला चांगलं माहीत होतं. तो सरळ डोंगरकडा गावाला जातो, माझ्या सासऱ्याच्या किराणा दुकानात! सासरा दर सणाला म्हणणार, "जावईबापू, ते फॅक्टरीचं काय खरं न्हाई. या इकडं, पुड्या बांधायला माणूस पाहिजेच." आता तुमीच सांगा, ज्याच्या मांडवात आपण घोड्यावर बसून गेलो, रुसून अंगठी घेतली, त्याच्याच गल्ल्यासमोर साबुदाण्याच्या पुड्या बांधत बसायचं? आन् बायको म्हणते, "जाऊ की, माहेर तर माहेर!" तिला काय जातंय!

म्हणून मी जीव तोडून कामाला लागलो. मालकानं नांदेडला ट्रेनिंगला पाठवलं. तिथं एक सर होते, त्यायनं सगळे शब्द घोटून घेतले. धोका कशाला म्हणायचं, जोखीम कशाला म्हणायचं, पीपीई म्हणजे अंगावर घालायचं सेफ्टीचं सामान कोणतं, निअर मिस म्हणजे काय. मला सगळं पटलं. मी असा भारावून आलो की घरी गॅसच्या शेगडीजवळ पण पाटी लावली. बायकोनं ती पाटी चपात्या झाकायला घेतली, तो भाग वेगळा.

फॅक्टरीत मी शिकवणी सुरू केली. समोर सगळे बसलेले. पुढं कमळाबाई. कमळाबाई म्हणजे पॅकिंगच्या सगळ्या बायांची मुकादम, तांड्यावरून येते, तिच्या शब्दाबाहेर कुणी न्हाई, मालक बी न्हाई. तिच्या बाजूला रामकिसन, चक्की चालवणारा, आमचा मेन माणूस.

मी म्हणलं, "समजा तुमचा बैल मारका हाय. तर तो बैल म्हणजे धोका. अन् तुमी त्याच्या पुढून गेले, तर शिंग लागायची जी शक्यता, ती जोखीम. कळलं?"

कमळाबाई म्हणली, "कळलं. पण मारका बैल ठेवलाच काहून? बाजारात नेऊन इकून टाकायचा."

"शाब्बास मावशी! धोकाच काढून टाकायचा, हा पहिला उपाय!"

"मंग ही चक्की इकून टाका. लई आवाज करती."

मालक मागंच उभा होता. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच दुसरा शब्द घेतला. "निअर मिस! म्हणजे वरून पोतं पडलं, पण तुमाला लागलं न्हाई. थोडक्यात वाचले. असं झालं की मला येऊन सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढं ही लाईन! रामकिसन पहिला. "गजाननभाऊ, काल सासू येणार होती. गाडी चुकली, आली न्हाई. थोडक्यात वाचलो."

शिकवणीचं हे असं. अन् सामानाचं तर विचारूच नका. मालकानं हेल्मेट आणले, चष्मे, मास्क, हातमोजे, लोखंडी टोकाचे बूट आणले. महिन्याभरात काय झालं? मास्क सगळ्यायच्या हनुवटीला. चष्मा घालून रामकिसन मोटारसायकल चालवून राहिला. हातमोजे कापूस वेचायला गेले. एकानं तर बूट जावयाला धोंड्याच्या वाणात दिले, वर मला म्हणतो, "जावई लई खूश हाय, तुमाला नमस्कार सांगितला."

अन् हेल्मेट? हेल्मेटमधी अंडी आणायचे, भाजी आणायचे, अन् दुपारी जेवायला उलटं ठेवून त्याच्यावर बसायचे. घालायचं काहून न्हाई? तर "डोकं तापतंय."

मी ओरडलो, हात जोडले, दंडाचं नाव काढलं. काही फरक न्हाई. रात्री झोप येईना. डोळे मिटले की समोर साबुदाणा.

अन् मंग एक दिवस मला ती आयडिया सुचली. सुचायला नको होती, पण सुचली.

झालं असं, रामकिसन हेल्मेटवर बसून भाकर खाऊन राहिला होता. उठताना त्याचा पाय खाली पडलेल्या पान्ह्याला लागला. त्यानं काय करावं? पटकन वाकला, पान्ह्याला हात लावला, कपाळाला लावला, "चुकलं देवा" म्हणला. अन् परत हेल्मेटवर बसला!

माझ्या डोक्यात लख्ख झालं. ह्या लोकायला पान्ह्याची कदर हाय, कारण पान्ह्याची दर खंडेनवमीला पूजा होते. वर्षानुवर्षं मशीन पुजलं, पान्हे पुजले, काटा पुजला. हेल्मेटला कुणी कधी फूल वाहिलंय का? मंग त्याचा मान कसा राहील? खंडेनवमी चार दिवसांवर आलेली. मी तसाच मालकाकडं पळालो.

"मालक, यंदा खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करायची न्हाई. सेफ्टीच्या सामानाची करायची!"

मालक विचारात पडला. "म्हणजे मशीन पूजेत बसणार न्हाई?"

"न्हाई."

"म्हणजे त्या दिवशी मशीन बंद ठेवायची गरज न्हाई?"

"न्हाई मालक!"

मालकाचं तोंड असं फुललं म्हणता! दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती. खंडेनवमीला जे पूजेत बसतं त्याला त्या दिवशी कामाला लावत न्हाईत, हे तर आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत हाय. दरवर्षी मालकाचा तो दिवस फुकट जायचा. त्यानं उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "गजानन, तुला मी वळखलंच न्हवतं."

आता तुमाला कळलं का मी काय करून राहिलो होतो? कळलं न? तुमी नुसता चहा पिऊन राहिले अन् तुमाला कळलं. मला कळलं न्हाई, मालकाला कळलं न्हाई, एवढ्या मोठ्या फॅक्टरीत एकाला कळलं न्हाई!

खंडेनवमीच्या सकाळी मी लग्नातले बूट घालून आलो. पूजेची जागा मीच निवडली. पॅकिंगच्या हॉलमधी मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडायचं दार हाय. स्वच्छ जागा, तिकडून कुणाची येजा न्हाई. दाराच्या दोन्ही अंगाला केळीचे खांब बांधले, समोर बायांनी ही मोठी रांगोळी काढली. पाटावर लाल कपडा. त्याच्यावर सगळे हेल्मेट ओळीनं बसवले. मधी मुकुटासारखं पाहुण्यायचं पांढरं हेल्मेट. चष्मे, मास्क, बूट, हातमोज्यांचा ढीग. दोन्ही बाजूला आग विझवायचे लाल नळकांडे, त्यायला झेंडूचे हार. त्यायची पीन निसटून पडू नये म्हणून मी स्वतः लाल धागा गच्च गुंडाळून गाठीवर गाठी मारल्या. वाळूच्या बादलीत उदबत्त्या खोवल्या. अन् दोन समया पेटवल्या. मागं भिंतीवर पाटी होती, "येथे दिवा, बिडी, काडी पेटवण्यास सक्त मनाई". ती बी मीच लावलेली. तिला बी एक हार घातला.

नारळ फोडायला दगड सापडंना. मी म्हणलं, बुटाचं टोक लोखंडी हाय, त्याच्यावर फोडा. फुटला! टाळ्या पडल्या. मंग मी भाषण केलं. असं भाषण मी माझ्या जन्मात केलं न्हाई.

"ह्या नुसत्या वस्तू न्हाईत. याच्यात तुमचा जीव हाय! तुमच्या कपाळाचं कुंकू, तुमच्या घरचा दिवा याच्यात हाय! आजपासून हेल्मेटला पाय लागला तर तो देवाला लागला असं समजा!"

कमळाबाईनं पदर डोळ्याला लावला. तिनं घरून पुरणपोळी आणली होती, ती पांढऱ्या हेल्मेटपुढं ठेवली. एकेका हेल्मेटला हळदकुंकू लावलं. रामकिसननं तर लोटांगण घातलं. मला बी भरून आलं हो! म्हणलं, गजानन, जिंकलास.

मंग सगळे उठले, कपाळाला कुंकू लावून आपापल्या कामाला गेले, अन् रामकिसननं चक्की चालू केली.

वर्षातल्या सगळ्या दिवसांत अंडी आणायला का होईना, पण हेल्मेट हाताशी असायचं. त्या दिवशी एक बी न्हवतं. मास्क न्हाई, चष्मा न्हाई, मोजा न्हाई. सगळं पाटावर. अन् मी हॉलमधी उभा राहून समाधानानं हसून राहिलो होतो.

तेवढ्यात वॉचमन पळत आला. "गजाननभाऊ, गेटवर एक साहेब आलाय. हिंदी बोलून राहिला. आत यायच्या आधी डोक्यावर घालायला टोपी मागून राहिला."

तपासणीवाला साहेब! दसऱ्यानंतर येणार होता, पण नांदेडला काम निघालं, म्हणलं वाटेत पाहून घेऊ.

गेटवर गेलो. उंचापुरा माणूस, इंदूरकडचा, हातात मोबाईल. मी नमस्कार केला.

"हेल्मेट दीजिए," साहेब म्हणला.

आपली हिंदी तर तुमाला माहीत हाय. मी म्हणलं, "साब, हेल्मेट आज बैठे हुए है."

"बैठे हुए? कहाँ?"

"पाट पे."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. "और वर्कर लोगों के?"

"वो भी सब एकीच जगह बैठे है साब. आज उनका सण है."

साहेब गाडीकडं वळला. स्वतःच्या गाडीतून स्वतःचं हेल्मेट काढून घातलं अन् सरळ आत. आत जाऊन काय पाहतो? चक्की जोरात चालू, हवा पिवळीधमक, अन् त्याच्यात सगळी माणसं उघड्या डोक्यानं, कपाळाला मोठं कुंकू लावून, साहेबाकडं पाहून हसून राहिली.

"बंद करो!" साहेब ओरडला. रामकिसननं चक्की बंद केली. नशीब आमचं त्यानं ती आल्या आल्या बंद करायला लावली. का ते पुढं कळंल.

मंग त्याला ती पूजा दिसली. दोन मिनटं तो नुसता पाहतच राहिला. मोबाईलमधी फोटो काढू लागला. इकडून काढला, तिकडून काढला. मला वाटलं त्याला आवडलं. मी म्हणलं, "साब, मेरी आयडिया है."

"आपकी?"

"पूरी मेरी."

मालक तोवर धावत आला. साहेब त्याला शांतपणे म्हणला, हे सगळं आत्ता उचला अन् लोकायच्या डोक्यावर घाला, मग मी तपासणी करतो. न्हाई तर मी निघालो. मालकानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मला पूर्ण डोंगरकडा दिसला, बसस्टँडसकट. मी पाटाकडं झेपावलो.

अन् मधी कमळाबाई उभी!

"खबरदार! पूजेतलं उचलता? उद्या शिलंगणाच्या आधी ती हलत न्हाई!"

"मावशी, तपासणी हाय हो!"

"तपासणी असू द्या न्हाई तर काही असू द्या. तुमीच म्हणले न, याच्यात आमचा जीव हाय? आमच्या घरचा दिवा हाय? मंग घरचा दिवा असा उचलून देता व्हय त्या माणसाला?"

"अवो, पण डोक्यात घालायलाच आणलंय ना ते!"

"आता ते डोक्यात घालायचं राह्यलं न्हाई. निवद दाखवलाय त्याला."

सगळ्या बाया तिच्या मागं उभ्या राह्यल्या. रामकिसन बी हात बांधून उभा. मी त्याला म्हणलं, "तू तरी ऐक की!" तो म्हणला, "गजाननभाऊ, आमी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं. आता तुमीच न्हाई म्हणू नका."

शेवटी मी गावातल्या पूजा सांगणाऱ्या महाराजाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"महाराज, पूजा आत्ताच हलवायची झाली तर काय करावं लागंल?"

"काहून? तकलीफ काय आली?"

"तपासणी आलीय."

"कोणत्या देवाची?"

"देवाची न्हाई महाराज, कंपनीची!"

महाराज म्हणले, "कापूर लावा, क्षमा मागा, अक्षता टाका अन् हळूच हलवा. चालतंय."

कमळाबाईनं कुरकुरत मान हलवली. मालक माझ्या कानात म्हणला, "कर, पण लवकर कर!" मी कापराचा डबा घेतला. आता क्षमा मोठी मागायची होती, म्हणून कापूर बी चांगला मूठभर घेतला. ताटात ठेवला, काडी ओढली, भडका उडाला.

"ये क्या जला रहे हैं?" साहेब ओरडला.

"माफी, साब!"

साहेब बोट करून मागची पाटी दाखवू लागला. मला वाटलं, त्याला बी भक्ती आली. मी म्हणलं, "हाँ साब, आप भी हात जोडो."

तेवढ्यात साहेबाला घाम आलेला पाहून रामकिसनला त्याची दया आली. पाहुण्याची सोय करावी म्हणून त्यानं बाजूचा मोठा उभा पंखा लावला. फुल्ल. कापराचा जाळ आडवा झाला अन् गेला थेट हातमोज्यांच्या ढिगात!

मोजे पेटले. त्याचा वास, धूर, बाया ओरडून राहिल्या. चक्की चालू असती अन् हवेत भुकटी असती, तर भुकटीनंच पेट घेतला असता, मोठा स्फोट झाला असता अन् आज मी तुमच्यात चहा प्यायला नसतो. सगळे पळाले. कुठून पळाले? समोर संकटकाळचं दार हाय, पण त्याच्यापुढं रांगोळी! पळताना बी बाया एकमेकींना ओरडून राहिल्या, "रांगोळी! रांगोळी पाहा!" आग राहिली बाजूला. सगळी पलटण रांगोळी वाचवून, हॉलला पूर्ण वळसा घालून मेन गेटनं बाहेर गेली.

आता माझं ऐका. माझं डोकं त्या क्षणी एकदम थंड होतं. नांदेडचं ट्रेनिंग सगळं आठवलं. नळकांडं घ्यायचं, पीन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा. मी धावलो. नळकांड्यापाशी पोचलो. अन् तिथं, देवाशप्पथ सांगतो, मी थांबलो. बूट काढले. बाजूला नीट जोडीनं ठेवले. दोन्ही हात जोडून नळकांड्यापुढं कमरेत वाकलो अन् म्हणलं, "चुकभूल माफ कर."

काहून केलं? मला काय माहीत! हार घातलेल्या वस्तूला बूट घालून हात लावायची सवयच न्हाई आपल्याला! माझ्या पायमोज्यातून अंगठा बाहेर आलेला, पाठीमागं जाळ, अन् मी नमस्कार करून राहिलो.

साहेबानं तेवढ्यात बी एक फोटो काढला. मंग मोबाईल खिशात टाकला, उदबत्त्यांसकट वाळूची बादली उचलली अन् मोज्यांवर उपडी केली. आग विझली. खलास.

पण मी काय थांबलो व्हय? मला मागचं दिसतंय कुठं! मी पीन ओढून राहिलो. पीन येईना. माझ्याच गाठी! मी दातानं धागा तोडला, पीन उपटली, वळलो अन् दांडा दाबला. समोर साहेब अन् मालक, आग विझली म्हणून सुस्कारा टाकून राहिले होते.

काय तो पांढरा धुरळा! दोन मिनटं कुणाला काही दिसलं न्हाई. धुरळा खाली बसला तर मालक अन् साहेब दोघं शेजारी शेजारी पांढरेफटक उभे, फक्त डोळे उघडे. मालकाच्या कपाळावरचं कुंकू मधून लाल दिसून राहिलं. कमळाबाई दारातून डोकावली अन् म्हणली, "आता तर पूजा हलली, आता घ्या डोक्यात."

साहेब रागावंल, ओरडंल, असं वाटलं. त्यानं नुसतं तोंड धुतलं, आमच्या मालकाला केबिनमधी घेऊन बसला. मी बाहेर उभा, हातात बूट. काचेतून मालकाचे हात दिसून राहिले, जोडलेले. बऱ्याच वेळानं मालक बाहेर आला.

"ऑर्डर गेली न्हाई," तो म्हणला. "थांबवलीय. त्यानं एक अट घातलीय. तू परत नांदेडला जायचं, पहिल्यापासून ट्रेनिंग करायचं अन् परीक्षेत पास व्हायचं. पास झालास तर तो दुसऱ्यांदा तपासायला येणार. अन् नापास झालास..."

"डोंगरकडा," मी म्हणलं.

"ऑर्डर बी गेली, डोंगरकडा बी पक्का. मीच तुला गाडीत घालून सोडून येईन."

आता बारावी सायन्स नापास माणसाच्या परीक्षेवर पूर्ण फॅक्टरीची ऑर्डर! कमळाबाईनं मला निघताना दही-साखर दिली. रामकिसन म्हणला, "भाऊ, आमची दिवाळी तुमच्या हातात हाय." जाता जाता बसमधी बी पाठ करून राहिलो, धोका, जोखीम, पीपीई, निअर मिस. बाजूच्या बाईला वाटलं मी काही जप करून राहिलो, ती थोडी सरकून बसली.

ट्रेनिंग झालं. शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा, सगळ्यायच्या समोर. सर नवीन होते, मला वळखत न्हवते. वर्ग गच्च भरलेला, नांदेड, परभणी, हिंगोली, कुठल्या कुठल्या कारखान्याचे लोक. सरांनी दिवे मालवले, भिंतीवर पडदा सोडला अन् म्हणले, "आता एक फोटो दाखवतो. आपल्याच भागातल्या एका कारखान्याचा. फोटोत धोके कोणते, चुका कोणत्या, एकेकानं उठून सांगायच्या."

पडद्यावर फोटो आला.

केळीचे खांब. समया. पेटलेले हातमोजे. हार घातलेलं नळकांडं. अन् त्याच्यापुढं कमरेत वाकलेला एक माणूस, पाठीमागून काढलेला, बूट बाजूला जोडीनं ठेवलेले, पायमोज्यातून अंगठा बाहेर.

मी लगेच ट्रेनिंगला दिलेला मास्क हनुवटीवरून वर ओढला, पार डोळ्यापर्यंत. मास्कचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला.

वर्गात तर हसून हसून लोक बाकावरून पडून राहिले. "हे कोण येडं हाय?" "सर, खोटा फोटो असंल, असा माणूस असू शकत न्हाई!" शेजारचा मला कोपरानं ढोसून म्हणतो, "पाहा न, पाहा, बूट काढले त्यानं!" मी बी हसलो. न हसून सांगतो कुणाला!

एकेक जण उठला. कुणी म्हणलं समई, कुणी म्हणलं उघडे पाय. तिथंच सगळे थांबले. मंग सरांनी माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही सांगा."

मी उठलो. समोर पडदा, डोक्यात ऑर्डर, कमळाबाईचं दही, सासऱ्याचा साबुदाणा. अन् मंग मी सांगत सुटलो. सर, संकटकाळचं दार केळीच्या खांबानं अडवलंय. रांगोळीमुळं लोक तिकडून पळणार न्हाईत. पाटीवर दिव्याला मनाई हाय अन् तिलाच हार घातलाय. नळकांड्याच्या पीनला धागा गुंडाळलाय, ती वेळेवर निघणार न्हाई. वाळूच्या बादलीत उदबत्त्या. उजव्या कोपऱ्यात पंख्याचं पातं दिसतंय, त्याच्या वाऱ्यानं जाळ मोज्यावर गेलाय. हेल्मेट सगळे पाटावर, म्हणजे लोक उघड्या डोक्यानं काम करून राहिले. अन् भिंती पिवळ्या दिसतेत, म्हणजे हळदीची फॅक्टरी हाय, भुकटी हवेत असती तर सगळंच उडालं असतं.

सर थक्क! "वा! पंख्याचं पातं तर मला स्वतःला दिसलं नव्हतं. काय नजर आहे तुमची! पैकीच्या पैकी मार्क. आता शेवटचं सांगा, ह्या सगळ्यात सगळ्यात मोठी चूक कोणती?"

मी पडद्यावरच्या त्या वाकलेल्या माणसाकडं पाहिलं. घसा साफ केला.

म्हणलं, "सर, ह्या माणसाला सेफ्टीच्या कामावर ठेवलं, ही."

पूर्ण वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. अन् पहिला नंबर माझा आला हो!